यंत्रावरील नांव आणि यंत्राचा कर्ता

गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट. नातीच्या लॅपटॉपवर आमच्या हातून चहा सांडला. दोष सर्वस्वीं आमचा. पेला ठेवण्याची ती जागा नव्हे, हें आम्हांस घरांत तीनदां बजावण्यांत आलें होतें. मुलीची परीक्षा आठ दिवसांवर आलेली, यंत्र मुकें झालेलें, आणि ती बिचारी रागावण्याऐवजीं "आजोबा, तुम्हांला भाजलं नाहीं ना?" असें विचारती झाली. त्यामुळें आम्ही अधिकच ओशाळलों. यंत्र पिशवींत घातलें आणि तसेच बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत गेलों.

हा लॅपटॉप विकत घेतांना घरांत एक वाद झाला होता. तो सांगितल्यावांचून पुढील गोष्टीचें मर्म वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं. दुकानांत दोन यंत्रें शेजारीं शेजारीं मांडलेलीं होतीं. आंतील चिप तीच, स्मरणशक्ति तेवढीच, पडदाहि तेवढाच. भेद काय तो झांकणावरील नांवाचा आणि किंमतींतील नऊ हजार रुपयांचा. मुलीचें म्हणणें, स्वस्त आहे तो घ्यावा. आम्हीं मात्र मोठ्या नांवाकडे बोट दाखविलें. सारा जन्म शाळेंत काढलेल्या माणसाचा नांवावर विश्वास असतो. ज्याचें नांव पुस्तकावर, त्यानें तें लिहिलें. ज्याचें नांव उत्तरपत्रिकेवर, त्यानेंच तें गणित सोडविलें, निदान तसें धरून चालावें लागतें. नऊ हजार रुपये अधिक मोजले आणि एक शहाणपणाचें काम केलें या समाधानांत आम्ही घरीं आलों होतों.

गल्लींतल्या त्या कारागिरानें खालचे स्क्रू काढून झांकण उचकटलें आणि आंतील मुख्य पाटी, जिला मदरबोर्ड म्हणतात ती, भिंगाखालीं धरली. "काका, वांचेल. पाटी कंपालची आहे, हिचे भाग मिळतात." आम्हीं भीतभीतच सांगितलें कीं, अहो, हें यंत्र कंपालचें नव्हे, अमुक कंपनीचें आहे. तो हंसला. पाटीच्या कडेला बारीक पांढऱ्या अक्षरांत "एल.ए." असें लिहून पुढें कांहीं आंकडे होते, ते त्यानें आम्हांस दाखविले. मग खणांतून एक मेलेली पाटी काढून तिच्याशेजारीं ठेवली. तिच्यावरहि तीच "एल.ए." अक्षरें. ती पाटी कोणत्या यंत्रांतली म्हणून विचारतां त्यानें जें नांव घेतलें, तें ऐकून आम्ही खुर्चींत बसलों. नऊ हजारांनीं स्वस्त म्हणून जें नांव आम्हीं नाकारलें होतें, तेंच तें. "झांकणावर कांहींहि लिहिलेलं असूं द्या, आम्ही पाटी बघून भाग मागवतो," तो म्हणाला. कंपालच्या पाटीवर "एल.ए.", क्वांटाच्या पाटीवर "डी.ए.", अशा या खुणा त्या धंद्यांतल्या पोरासोरांनाहि पाठ असतात. माहीत नव्हत्या त्या आमच्यासारख्या गिऱ्हाइकांस.

यंत्र दुरुस्त झालें, परीक्षाहि पार पडली. परंतु तेव्हांपासून हा प्रश्न आमच्या डोक्यांत बसला, आणि नातीच्या मदतीनें आम्ही गेले कित्येक महिने त्याच्याच मागें आहों. जें नांव आपण विकत घेतों, त्या नांवाच्या माणसानें तें यंत्र केलेलें असतें काय? आणि नसेल, तर मग कर्ता कोण?

संस्कृत शिकविलेल्या माणसास येथें प्रथम व्याकरण आठवतें, त्याला आमचा इलाज नाहीं. करणें निराळें आणि करविणें निराळें. पाणिनीनें स्वतंत्रपणें क्रिया करणारास कर्ता म्हटलें, आणि त्याला त्या क्रियेस प्रवृत्त करणारा जो प्रयोजक, त्यासहि कर्ता हें नांव घेऊं दिलें. म्हणून राजानें देऊळ बांधलें असें आपण बेधडक म्हणतों. राजाच्या हाताला चुना लागला नसला तरी वाक्य अशुद्ध होत नाहीं. मराठीच्या आद्य लेखांत गणला जाणारा श्रवणबेळगोळचा तो शिलालेख सर्वांस ठाऊक आहेच. गोमटेश्वराच्या पायापाशीं चावुंडरायाचें नांव कोरलेलें आहे, परंतु कोरणाऱ्यानें क्रियापद घातलें आहे ‘करवियलें’. केलें असें नव्हे, करविलें. हजार वर्षांपूर्वींच्या त्या अनाम पाथरवटाचा हा प्रामाणिकपणा आजच्या जाहिरातींत सांपडत नाहीं.

आतां तैवानकडे वळूं. कारण लॅपटॉपचे खरे हात बहुतांशीं तेथले आहेत. चीनच्या आग्नेय किनाऱ्यासमोरचें हें बेट महाराष्ट्राच्या अष्टमांशाहून थोडें लहानच असेल. १९७० नंतरच्या काळांत तेथील कांहीं तरुण इंजिनियर खिशांतल्या गणकयंत्रांच्या, म्हणजे कॅलक्युलेटरच्या, धंद्यांत शिरले. यंत्र ते करीत, नांव अमेरिकन वा जपानी कंपनीचें पडे. इन्व्हेंटेक हें घराणें १९७५ चें, कंपाल १९८४ चें. बॅरी लाम या गृहस्थानें १९८८ त क्वांटा ही कंपनी काढली. हा शांघायमध्यें जन्मून हाँगकाँगमध्यें वाढलेला माणूस, शिकावयास तैवानांत आला आणि कॅलक्युलेटरच्याच धंद्यांत तयार झाला. त्यानें ओळखलें कीं, उद्यांचा संगणक मांडीवर बसणार आहे. लहानशा पेटींत पुष्कळ गोष्टी कोंबावयाच्या, त्या तापूं द्यावयाच्या नाहींत आणि बॅटरी तर थोडी खर्चावयाची, ही विद्या कॅलक्युलेटरवाल्यांस अवगत होतीच. तीच त्यांनीं वाढविली. पुढें २०१० च्या सुमारास जगांत विकल्या जाणाऱ्या दर दहा लॅपटॉपांपैकीं सुमारें नऊ हे तैवानी कंपन्यांनीं केलेले असत. कारखाने एव्हांना चीनच्या मुख्य भूमीवर गेले होते, प्रथम शांघायच्या आसपास आणि नंतर थेट आंत चोंगकिंगपर्यंत. परंतु रचना करणारीं डोकीं बव्हंशीं तैपेई आणि ताओयुआन येथेंच राहिलीं.

‘केलेले’ या शब्दांत काय काय येतें, हें येथें नीट पाहिलें पाहिजे, कारण सारा घोटाळा त्याच शब्दांत आहे. आमची समजूत अशी कीं, मोठी कंपनी रचना करते, नकाशा पाठविते, आणि पलीकडचा कारखानदार आमच्या शिंप्याप्रमाणें मापानें शिवून देतो. असे केवळ जोडणी करणारे कारखाने आहेतहि. परंतु कंपाल वा क्वांटा यांचें घराणें निराळें. त्यांस त्या धंद्यांत ‘ओ.डी.एम.’ म्हणतात, म्हणजे जो रचनाहि आपणच करतो असा कारखानदार. नांवाचा धनी बहुधा एवढेंच सांगतो कीं, पुढल्या वर्षीं मला अमुक किंमतींत बसणारा, अमुक वजनाचा, बोटभर जाडीचा लॅपटॉप पाहिजे. दोनतीन घराण्यांकडून तो भाव मागवितो. तीं घराणीं इंटेल किंवा ए.एम.डी. यांची येऊं घातलेली चिप आधींच हातांत घेऊन तिच्याभोंवतीं सांगाडे रचून बसलेलीं असतात. उष्णता कोणत्या वाटेनें बाहेर काढावयाची, बॅटरी कोठें निजवावयाची, पाटीचे थर किती, बिजागरी किती वेळां उघडमीट केली असतां सैल पडते, हें सर्व त्यांच्या प्रयोगशाळेंत ठरतें. मग धनी त्यांतील एक सांगाडा पसंत करतो, झांकणाचा रंग, कळफलकाचा स्पर्श, कडांची गोलाई यांसंबंधीं आपल्या माणसांकरवीं सूचना देतो, कित्येकदां त्या सूचना फार चांगल्याहि असतात, आणि सरतेशेवटीं झांकणावर आपलें नांव उमटवितो. हाच सांगाडा थोडाफार फिरवून दुसऱ्या धन्याकडे गेला तर नवल नव्हे. एकाच छपराखालीं दोन हाडवैऱ्यांचें काम चालतें. त्यासाठीं इंजिनियरांचीं पथकें वेगळीं, एकाचें गुपित दुसऱ्यास कळूं द्यावयाचें नाहीं असा दंडक. जुन्या काळीं एकच सोनार दोन भांडणाऱ्या जावांचे दागिने घडवी, तेव्हां त्यासहि असेंच तोंड मिटून बसावें लागे.

हें मौन हाच त्या धंद्याचा पाया होय. एसर या कंपनीनें तो पाया ओलांडून पाहिला. १९७६ त मल्टिटेक या नांवानें निघालेली ही कंपनी स्वतःच्या नांवानें यंत्रें विकी आणि इतरांचींहि करून देई. इतरांस शंका येऊं लागली कीं, आपल्या यंत्राचा नकाशा ज्याच्या हातीं, तोच बाजारांत आपल्यासमोर उभा आहे. अखेर करून देण्याचें काम वेगळें काढून २००१ त विस्ट्रॉन ही निराळी कंपनी करावी लागली. असुसनेंहि तोच मार्ग धरला. तिच्यांतून २००८ त पेगाट्रॉन निघाली. चिप तयार करणाऱ्या टी.एस.एम.सी.नें तर १९८७ पासून स्वतःच्या नांवाची एकहि चिप बाजारांत न आणण्याचें व्रत पाळलें आहे, आणि त्या व्रतावरच ती एवढी थोर झाली.

एसरचे संस्थापक स्टॅन शिह यांनीं १९९२ च्या सुमारास एक आकृति काढली, ती आमच्या फार मनांत भरली. यंत्र जन्मास येण्याचा सारा क्रम आडव्या रेघेवर मांडावा. डावीकडे शोध व रचना, मध्यें जोडणी, उजवीकडे नांव, विक्री आणि सेवा. प्रत्येक ठिकाणीं किती पैसा सुटतो तें उभें मांडलें असतां हंसऱ्या ओठांसारखी रेघ उमटते. दोन्ही टोकें वर, मध्य खालीं. ज्याचा घाम सर्वांत जास्त, त्याचा वांटा सर्वांत थोडा. तैवानी घराणीं मध्यापासून डाव्या टोंकाकडे चढलीं खरीं, परंतु रचनेचे पैसे त्यांस वेगळे मिळत नाहींत, ते जोडणीच्या दरांतच जिरतात. म्हणून अब्जावधींची उलाढाल करूनहि त्यांच्या हातीं शेंकड्यास थोडकेच रुपये राहतात.

आंकड्यांवांचून अशी गोष्ट मनास पटत नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लिंडन, क्रेमर आणि डेड्रिक या संशोधकांनीं २००७ त ॲपलच्या आयपॉडचा, म्हणजे गाणीं साठवून ऐकविणाऱ्या त्या डबीचा, हिशेब मांडला. २००५ च्या सुमाराचा ३० जी.बी.चा तो आयपॉड अमेरिकेंत २९९ डॉलरांस मिळे. त्यांत ४५१ भाग होते. सर्वांत महाग भाग तोशिबाची तबकडी, सुमारें ७३ डॉलर. ॲपलच्या वांट्यास सुमारें ८० डॉलर आले. आणि चीनमध्यें तें सर्व जोडून, तपासून, खोक्यांत भरण्याबद्दल किती? चार डॉलरांहून कमी. पाठीवर मात्र लिहिलेलें होतें कीं, रचना ॲपलची, कॅलिफोर्नियांत, जोडणी चीनमध्यें. हें वाक्य आम्हांस त्या शिलालेखाची आठवण करून देतें. निदान दोन क्रियापदें तरी प्रामाणिकपणें वेगळीं ठेवलीं आहेत.

परंतु त्यांतील पहिलें क्रियापद तरी पुरतें खरें काय? २००१ च्या आरंभीं ॲपलनें टोनी फॅडेल यांस या कामावर घेतलें, आणि ऑक्टोबरांत आयपॉड जाहीर झाला. नऊदहा महिन्यांत शून्यापासून असें यंत्र उभें राहत नसतें. पोर्टलप्लेयर नांवाच्या एका लहान कंपनीकडे अशा डबीचा आराखडा आणि चिप तयार होती. ॲपलनें ती घेतली. पडद्यावरील यादी दाखविणाऱ्या कार्यक्रमाचा पाया पिक्सो या दुसऱ्या कंपनीचा. जोडणी तैवानच्या इन्व्हेंटेककडे. मग ॲपलनें काय केलें? तिनें तें चाक दिलें, तो पांढरा निर्मळ घाट दिला, संगणकाशीं गांठ घालून दिली, आणि काय घालावयाचें नाहीं हें ठरविलें. हें काम लहान नव्हे. पोर्टलप्लेयरचा आराखडा इतरांसहि मिळण्यासारखा होता, पण आयपॉड एकाचाच झाला. तरीहि मूळ नकाशा दुसऱ्याचा होता, हें सत्य उरतेंच. आणि आमच्या नातीनें हुडकून काढलेली एक गोष्ट अशी कीं, त्या पोर्टलप्लेयरचें एक कार्यालय हैद्राबादेस होतें. जगानें ज्या डबीस कॅलिफोर्नियाचा चमत्कार म्हणून डोक्यावर घेतलें, तिच्या चिपच्या कंपनीची एक बैठक आपल्या दक्षिणेंत होती. २००७ च्या आरंभीं ती कंपनी एनव्हिडियानें विकत घेतली आणि तें नांवहि पुसलें गेलें.

येथें एक खुलासा केला नाहीं तर अन्याय होईल. सगळेच नांवाचे धनी पोकळ नसतात. ॲपलनेंच २०१० पासून स्वतःची चिप रचण्यास आरंभ केला, आणि २०२० पासून तिच्या लॅपटॉपांतहि तिचीच चिप असते. करणारे हात टी.एस.एम.सी.चे आणि जोडणारे तैवानी कारखानदारांचे, पण रचना तिची. उलटपक्षीं स्वस्त मोबाइलांपैकीं कित्येकांची पायापासून कळसापर्यंतची रचना हुआचिन, लाँगचीअर, विंगटेक अशा चिनी घराण्यांत झालेली आहे, त्यांचीं नांवें आपल्या कानांवरूनहि जात नाहींत. २०१८ त सॅमसंगसारख्या कंपनीनेंहि आपला एक फोन विंगटेककडून करवून घेतला. तेव्हां ‘हें यंत्र कोणाचें?’ या प्रश्नाचें उत्तर दर यंत्रास निराळें आहे, आणि तें झांकणावर वाचतां येत नाहीं.

करून देणाऱ्यानें एके दिवशीं स्वतःचें नांव लावावयाचें ठरविलें तर काय होतें? एच.टी.सी.ची गोष्ट त्यासाठीं वाचावी. १९९७ त तैवानांत निघालेल्या या कंपनीनें २००० सालीं कॉम्पॅकची आयपॅक ही तळहाताएवढी वही केली, पुढें पामचा ट्रिओ केला, युरोपांतील फोनसेवा कंपन्यांच्या नांवानें फोन केले. जगांतील पहिला अँड्रॉइड फोन २००८ त निघाला, तोहि तिनेंच केला. त्यावर नांव टी-मोबाइलचें. दरम्यान २००६ पासून ती स्वतःच्या नांवानें विकूं लागली होती, आणि २०११ च्या एप्रिलांत तिचें बाजारमूल्य नोकियाच्याहि वर गेलें. मग उतरण लागली. कौशल्य कमी पडलें असें कोणीच म्हणत नाहीं. नांव टिकविण्याची विद्या वेगळीच असते. तीस जाहिरात लागते, दुकानें लागतात, वर्षानुवर्षें पैसा ओतावा लागतो. २०१७ त गुगलनें १.१ अब्ज डॉलर देऊन तिचे सुमारें दोन हजार इंजिनियर आपल्याकडे घेण्याचा करार केला, आणि हीं माणसें पुन्हां दुसऱ्याच्या नांवाचे फोन रचूं लागलीं.

नांवांची गत तर याहून विचित्र. देह जातो आणि नांव उरतें. आपल्या मराठवाड्यांतच याचें उदाहरण आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉननें २०१० त फिलिप्सशीं करार करून भारतांत फिलिप्स नांवाचे टेलिव्हिजन विकण्याचा हक्क घेतला. म्हणजे दिवाणखान्यांत ‘आमचा फिलिप्स’ म्हणून ज्याचें कौतुक होई, तो हॉलंडचा नव्हे, आपल्याच मुलखांतल्या व्यापाऱ्याचा पाहुणा होता! त्याच व्हिडिओकॉननें २००५ त फ्रान्सच्या थॉमसनचा रंगीत चित्रनळ्यांचा धंदा विकत घेतला होता. नळ्यांचे दिवस तेव्हांच भरत आले होते. २०१८ त व्हिडिओकॉनचें दिवाळें न्यायासनापुढें गेलें, आणि त्याच वर्षीं थॉमसन हें नांव भारतांतील टेलिव्हिजनांवर पुन्हां झळकलें. या खेपेस तें घेतलें होतें नोएडाच्या एका कंपनीनें, जी आधींपासून कोडॅकच्याहि नांवानें टेलिव्हिजन करीत होती. कोडॅक म्हणजे फोटोच्या फितींची ती जुनी अमेरिकन पेढी. तिनें स्वतः दिवाणखान्यासाठीं टेलिव्हिजन करून कधीं नांव मिळविलें नव्हतें. वडिलांच्या कॅमेऱ्यावरचें तें पिवळें नांव पाहून आमच्या शेजाऱ्यांनीं टेलिव्हिजन घेतला. चालतो चांगला, तक्रार नाहीं. पण ज्या आठवणीचे पैसे त्यांनीं मोजले, ती आठवण त्या खोक्यांत नाहीं.

मग नांवास कांहींच अर्थ नाहीं काय? आहे, आणि तो आम्हांस २००६ च्या एका प्रकरणावरून उमगला. त्या वर्षीं लॅपटॉपांच्या बॅटऱ्या पेट घेऊं लागल्या. ऑगस्टांत डेलनें ४१ लक्ष बॅटऱ्या परत मागविल्या, पाठोपाठ ॲपलनें १८ लक्ष. आंतील कांडीं सोनीचीं होतीं. परंतु वर्तमानपत्रांत छापलें तें डेलच्या लॅपटॉपनें पेट घेतला असेंच. गिऱ्हाइकाचा हात धन्याच्याच दारावर पडला, आणि दार त्याला उघडावें लागलें. प्रयोजकास कर्ता म्हणण्याची किंमत ती हीच. श्रेय घेतलें तर शिव्याहि घ्याव्या लागतात. आमचे नऊ हजार रुपये अगदींच पाण्यांत गेले नाहींत असें आम्हीं नातीस सांगून पाहिलें. ती म्हणाली, "आजोबा, चहा वॉरंटींत बसत नाहीं."

हें सर्व आम्ही कुतूहलापोटीं गोळा करीत होतों. परंतु यंदाच्या गुरुपौर्णिमेस एक जुना विद्यार्थी आईला घेऊन आला, आणि या विषयानें आमच्या ओसरीवर पाय ठेवला. मुलगा वर्गांत गणितांत पहिला. संस्कृतांत मात्र प्रयोजक रूपें त्याला शेवटपर्यंत साधलीं नाहींत. वडील लवकर गेले. आईनें लोकांकडे पोळ्या लाटून त्याला इंजिनियर केलें. तो आतां हिंजवडींत काम करतो. त्यानें एक लहानसें खोकें आमच्यापुढें ठेवलें; कानांत घालावयाचीं, तार नसलेलीं तीं यंत्रें. "सर, तुम्हांला अलीकडे ऐकूं कमी येतं म्हणालां होतां. हीं बाहेरचा गोंगाट कमी करतात." खोक्यावर एक विलायती नांव होतें. आम्हीं सहज विचारलें, "अरे, यांत तुझें काय आहे?" तो गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, तें मला सांगतां येत नाहीं. करारांत तसं आहे."

न सांगतांच कळलें. तीन वर्षें तो आणि त्याच्याबरोबरचीं बारा मुलेंमुली कोणत्या तरी यंत्राचा आवाज निवळ करीत बसलीं होतीं, एवढें आम्हांस त्याच्या आईकडून पूर्वींच ऐकून माहीत होतें. तक्रार त्याच्या बोलण्यांत नव्हती. पगार चांगला, काम आवडीचें. मात्र नवीन नोकरीच्या अर्जांत त्या तीन वर्षांविषयीं काय लिहावें हें त्याला कळेना, आणि तें विचारण्यासाठींच तो आला होता. ‘एका आंतरराष्ट्रीय कंपनीच्या ध्वनियंत्रावर काम केलें’ असें मोघम लिही, यापलीकडे आम्हांस तरी काय सुचणार? चिप रचणारांपैकीं जगांतले सुमारें एकपंचमांश लोक भारतांत आहेत असें आपलें सरकार वरचेवर सांगतें. १९८५ त टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनें बंगळुरास कचेरी काढली तेव्हांपासून ही रांग लागली आहे. पण त्या लोकांनीं रचलेलें कोणतें, असें विचारलें तर घरांतील एका वस्तूकडेहि बोट दाखवितां येत नाहीं. आपल्याकडे अलीकडे कारखाने येऊं लागले याचा आनंद होतो. विस्ट्रॉनचा कर्नाटकांतील आयफोनचा कारखाना २०२३ त टाटांनीं घेतला, हें वाचून आम्हांसहि बरें वाटलें. तथापि ती शिह यांच्या रेघेची मधली, खालची बाजू. डावीकडच्या टोकाला आपलीं मुलें केव्हांच जाऊन बसलीं आहेत, फक्त दुसऱ्यांच्या ओसरीवर, तोंडाला कुलूप लावून.

पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराची आठवण आम्हीं त्या मुलास सांगितली. आठव्या शतकांत चालुक्य राणी लोकमहादेवीनें तें करविलें. परंतु तेथील लेखांत गुंड या सूत्रधाराचें नांव आणि त्याला दिलेली पदवी कोरलेली आहे. राणीचें त्यांत कांहीं उणें झालें नाहीं. मुलगा म्हणाला, "सर, राणीचं आणि गुंडाचं करारपत्र वेगळं असेल." आम्ही हंसलों, तोहि हंसला.

त्याची आई इतका वेळ तें खोकें हातांत घेऊन उलटसुलट पाहत होती. तिला इंग्रजी वाचतां येत नाहीं. "मास्तर, यांत ह्याचं नांव कुठं लिहिलंय?" तिनें विचारलें. आम्हीं मुलाकडे पाहिलें, त्यानें पायाकडे. "लिहिलेलं नसतं आई," तो म्हणाला. तिनें मान हालविली, जणूं पोळ्यांच्या डब्यावर तरी कोणाचें नांव असतें? मग त्यानें तीं यंत्रें तिच्या कानांत बसवून मोबाइलवर एक अभंग लावला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. थोड्या वेळानें एक यंत्र कानांतून काढून तिनें आमच्यापुढें धरलें आणि, आपला आवाज केवढा चढला आहे याचें भान नसल्यामुळें, मोठ्यानें म्हणाली, "मास्तर, तुम्हीपण ऐका कीं!"